तुमच्या भाच्याचे सहा तुकडे

अप्पा, तुमच्या भाच्याला आत सुई घालून तपासलं. सहा तुकडे काढले. शेवईचे बारीक तुकडे असतात तसे होते म्हणे, मी काही बघितले नाहीत. रिपोर्टही आला आहे आणि त्यात काय आहे ते सांगणारच आहे, पण पहिल्यापासून सांगितलं नाही तर मला सुधरत नाही. मी मधेच भलतीकडे जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरीतून शाळा सोडवून तुम्ही मला दुकानात काजं करायला बसवलंत, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हिला पाटीवर सरळ रेघ जमत नाही, हिला टाके कसे जमणार? टाके जमले. रेघ अजून जमत नाही, ही वही बघा, ओळी कशा उतरंडीला लागल्यात. भाचा म्हणजे माझा नवरा हे तुम्हाला सांगायला नको. आत्याला शब्द देऊन तुम्हीच मला तिच्या घरात दिलंत. पण हल्ली इथे पुण्याहून, मुंबईहून आलेली नवी मंडळी आमच्या शेजारी राहतात, त्यांना सांगितलं की यांचं मामाच्या मुलीशी लग्न झालंय, तर त्यांच्यातली एक पोरगी डोळे मोठे करते. "काकू, म्हणजे तुमचे वडील काकांचे मामा?" म्हटलं, हो, त्यात काय, इकडे असंच असतं.

आधी चांगलं सांगते, नाहीतर भीतीच्या गडबडीत राहून जाईल. तुम्हाला पणती झाली आहे. दहा महिन्यांची आहे. खाली दोन दात आलेत आणि त्या दोन दातांनी तिने माझ्या चष्म्याची दांडी चावून ठेवली आहे. परवा तिने मला अज्जी म्हटलं. सून म्हणते, ती कावळ्यालाही तसंच म्हणते. म्हणू दे. मी तिला मांडीवर घेतलं की मला घरात काही दुखणंखुपणं आहे याचाच विसर पडतो, आणि मग आठवण झाली की लाज वाटते. नवरा नुकताच तापातून उठलाय आणि ही बया टाळ्या वाजवत बसलीय. पण अप्पा, ती पण टाळ्या वाजवते हो! दोन्ही हात चुकवते आणि हसते.

तर सुरुवात अशी झाली. हे न्हाणीघरात गेले की बाहेर यायचंच नाव नाही. नळ सोडून उभे राहायचे, म्हणजे पाण्याच्या आवाजाने तरी होईल. मी बाहेरून चेष्टा करायचे, "काय हो, कावेरीचं पाणी आज तुमच्यासाठीच सोडलंय का?" हे वर्षभर चाललं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आहे, सकाळी कंपनीची बस येते तेव्हा जातो आणि दिवेलागणीला येतो. त्याच्या एका सुट्टीच्या दिवशी त्याने बापाला तीन वेळा उठताना बघितलं आणि चौथ्या वेळी चप्पल घालून तयार झाला. रक्त दिलं. त्यात एक आकडा असतो, त्या गाठीचा. सगळ्या पुरुषांना ती गाठ असते म्हणे, लघवीच्या पिशवीच्या खाली, सुपारीएवढी. यांचा आकडा असायला हवा त्याच्या तिप्पट निघाला. मग डॉक्टरांनी बोट घालून बघितलं. तुमच्यापुढे लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला हसू येईल म्हणून लिहिते. बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, लोकांच्या भोकांत गेज घालून पास-नापास केलं. आज माझं झालं."

डॉक्टर तरुण आहेत, कन्नड माणूस, हळू बोलतात. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पूर्वी बोटाच्या अंदाजाने सुई घालायचे, लागेल तिथे लागेल. आता मागच्या वाटेने एक नळी घालतात, तिच्यातून टीव्हीवर गाठ दिसते, आणि बघून तीन ठिकाणी डावीकडे, तीन ठिकाणी उजवीकडे असे सहा तुकडे घेतात. यांनी लगेच कारखाना काढला. "सहाच का? शंभर नगांच्या लॉटमधले सहा बघितले आणि सहाही बरोबर निघाले, म्हणून सातवा बरोबर असतो का?" डॉक्टर हसले. "सर, तुमच्या नटबोल्टाला रक्त येत नाही, ताप येत नाही. तुम्हाला येतो. जितकं जास्त टोचावं तितका त्रास." हे म्हणाले, "आणि दोन तुकड्यांच्या मधे असला तर?" ते म्हणाले, "तर चुकेल. कधी कधी चुकतं. खोटं कशाला सांगू?" मला तो माणूस तिथेच आवडला. बाहेरच्या कातडीतून सुई घालायचीही एक रीत आहे म्हणाले, त्यात ताप येण्याची भीती कमी, पण दुखतं फार, भूल द्यावी लागते, आणि यांचं हृदय आधीच स्वल्प अशक्त. म्हणून मागूनच. लघवीत चार दिवस रक्त दिसेल, घाबरू नका. रक्त पातळ करायची ती हृदयाची गोळी आठवडाभर बंद. आणि जंतूंची गोळी सुई घालायच्या आधी वेळेवर, म्हणजे सोमवारी सकाळी बरोबर आठला. त्यांनी बोट वर करून सांगितलं, आठला.

मला मात्र दुसरंच विचारायचं होतं. शेवटी विचारलं, "डॉक्टर, लोखंड लागलं की हा रोग चवताळतो म्हणतात. झोपलेल्याला डिवचायचं कशाला?" मुलगा कानकोंडा झाला, "अम्मा, काहीतरीच." डॉक्टरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "अम्मा, सुईमुळे पसरलेला मी अजून बघितला नाही. न बघितल्यामुळे पसरलेला रोज बघतो."

ते त्यांनी सहज म्हटलं. त्यांना काय ठाऊक, माझ्या छातीत कुठे लागलं ते.

तुमचा तो दिवस मला आत्ता दिसतो, अप्पा. मोठ्या सरकारी दवाखान्यातली ती लांबच लांब खोली. तुम्ही खाटेवर पाय खाली सोडून बसलेले आहात, एक हात कमरेवर. रबरी नळी लावली आहे. गळ्यात टेप अजून तसाच आहे, दुकानातून सरळ आणलं होतं ना. आई पदरात तोंड घालून बसली आहे. हे पायथ्याशी उभे आहेत, तेव्हाचे काळेभोर केस. डॉक्टर म्हणतात, खालून सुई घालून तुकडा काढू, काय आहे ते कळेल. तोच रोग निघाला तर बरा होईलच असं नाही, पण गोळ्या आहेत, हाडांचं दुखणं कमी होईल. आई म्हणते, मला काही कळत नाही, थोरलीला विचारा. सगळे माझ्याकडे बघतात. तुम्ही डॉक्टरांना म्हणता, "बघू द्या की. उसवल्याशिवाय अस्तराच्या आत काय झालंय ते कसं कळणार?" इतकं साधं बोललात. आणि मी, सत्तावीस वर्षांची, कडेवर पोर, मी म्हणते, नको. आमच्या गल्लीत एकाला सुई घातली आणि तो महिन्यात गेला. अप्पांना आम्ही घरी नेतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला नाहीत. लहानपणी कुणाचा तरी रेशमी कपडा मी उलटा बेतला, तेव्हा फुटपट्टी हाणली होतीत. तसं काही केलं असतंत तरी चाललं असतं. घोड्याच्या जटक्यात बसवून तुम्हाला घरी आणलं. पुढचे सात महिने तुम्ही पाठीच्या दुखण्याने भिंतीला टेकून बसायचात, आडवं होता यायचं नाही. मशीनचं पेडल दाबवत नव्हतं म्हणून हाताने काजं करायचात, माझं काम. काय रोग होता ते कुणालाच कळलं नाही. आम्ही लोकांना सांगितलं, म्हातारपण. तुम्ही बासष्टचे होतात. तुमचा भाचा आज सहासष्टचा आहे.

म्हणून या वेळी मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. आणि ठेवलंही. पण माणूस तोंड बंद ठेवतो आणि हात दुसरंच काही करतात. सोमवार उजाडला. नर्सने सांगितल्याप्रमाणे एनिमा झाला, त्यात तासभर गेला, तो प्रसंग मी लिहीत नाही. मी गोळी वाटीत काढून ठेवली. घड्याळात पाहिलं, पावणेआठ. आणि मग आठवलं. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. तुमच्या घरात कधी राहुकाळात नवीन कापडाला कात्री लावली का? गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी तुम्ही त्याला कॉफी पाजून बसवायचात. आणि इथे तर औषधाची सुरुवात, तीही अशा रोगाची. मी वाटी पदराखाली घेतली. हे म्हणाले, "अगं, आठ वाजले, गोळी?" मी म्हटलं, "देते, आधी आंघोळ करून घ्या." आंघोळ झाली. म्हटलं, देवाला नमस्कार करा. नमस्कार झाला. म्हटलं, ते आनेकलहून सुनेच्या घरून फणसाचे गरे आलेत, त्यातले कुणाला द्यायचे सांगा. ते माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांना सगळं कळलं होतं. "शेजारी दे," म्हणाले. रिक्षात बसल्यावर, नऊला पाच मिनिटं असताना, त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, पाच मिनिटं. सिग्नल लागला, नऊ वाजले, तेव्हा बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. साडेनऊला त्यांना आत घेतलं.

मी बाहेर बाकावर. दाराच्या आतून आवाज यायचा, टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टक्. स्प्रिंगची सुई असते ती, सुटते आणि तुकडा घेऊन परत येते. पाचव्या वेळेला त्यांचा आवाज आला, "सरी, सरी, होऊ दे." सहावा झाला आणि मी श्वास सोडला. हे पाय फाकवून चालत बाहेर आले. "तुझ्या अप्पांच्या दुकानात टिचबटणं मारायचं मशीन होतं ना," म्हणाले, "मला आज सहा टिचबटणं मारली." दुखलं का विचारलं तर म्हणाले, दुखण्यापेक्षा आवाजाने दचकायला होतं. त्या दिवशी लघवी लाल झाली, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मला वाटलं, सुटलो. हे नातीला घेऊन गच्चीवर गेले, पतंग दाखवले.

बुधवारी दुपारी हुडहुडी भरली. तीन चादरी घातल्या तरी खाट हलत होती. दात वाजत होते. सुनेने मुलाच्या ऑफिसात फोन केला, तो येईपर्यंत धीर धरवेना, आम्ही दोघींनीच पोरीला शेजारणीकडे देऊन त्यांना रिक्षात घातलं. लगेच भरती केलं, शिरेतून औषध सुरू. मागच्या वाटेतले जंतू सुईबरोबर रक्तात गेले होते. डॉक्टर आले, नाडी धरली आणि पहिला प्रश्न हाच विचारला. "सोमवारी गोळी किती वाजता घेतली?" मी भिंतीकडे बघितलं. हे तापात होते, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. तसेच म्हणाले, "आठ वाजता. बरोबर आठ."

त्या दोन दिवसांत मी काय काय नवस बोलले ते विचारू नका. मला वाटायचं, मी दुसऱ्यांदा तेच केलं. एकदा सुई घालू दिली नाही म्हणून, एकदा घालू दिली तरी गोळी अडवली म्हणून. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला, त्यांनी इडली मागितली, आणि मला राहवलं नाही. डॉक्टर बाहेर निघाले तशी मागे गेले आणि सगळं सांगून टाकलं. राहुकाळ, वाटी, फणस, सगळं. म्हटलं, त्यांची चूक नाही, मला काय बोलायचं ते बोला. डॉक्टर जिन्याशी थांबले. मग म्हणाले, "अम्मा, वेळेवर गोळी घेऊनही काहींना असा ताप येतो. तुमच्यामुळेच आला असं मी सांगू शकत नाही, तुमच्यामुळे नाही असंही नाही. पण तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. माझी आईही राहुकाळ बघते. तुम्हाला सातला घ्यायला सांगितली असती, काय बिघडलं असतं?" मी तिथेच जिन्यात रडले. इतकं सोपं होतं. एक तास आधी.

आता रिपोर्ट. यांना घरी सोडल्यावर पुढच्या शनिवारी गेलो, हे, मुलगा आणि मी. सहाही तुकडे चांगले. काही नाही. मुलाने टेबलावर हात आपटला, "झालं!" मी हात जोडले. यांनी मात्र कागद हातात घेऊन नाकाजवळ धरून वाचला आणि विचारलं, "म्हणजे सहा नग पास. लॉट?" डॉक्टर म्हणाले, "लॉटचं आज सांगता येत नाही. आकडा चढलेला आहे तो का, हे कळलेलं नाही. गाठ नुसती मोठी झाल्यानेही चढतो. तीन महिन्यांनी रक्त परत बघू. आकडा तिथेच असला किंवा वाढला तर पुन्हा तुकडे घ्यावे लागतील, थोड्या वेगळ्या जागचे." मुलाचा चेहरा उतरला. "पुन्हा? एवढा ताप आला, मरता मरता वाचले. पुन्हा नको. अम्मा, तूच सांग त्यांना." आणि अप्पा, त्या छोट्या खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांनी कागद ओढला आणि विचारलं, "हे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं. घरात कुणाला हा त्रास होता का? वडील, भाऊ?" हे म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "यांच्या मामांना होता." मग म्हटलं, "म्हणजे माझ्या वडिलांना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोघं एकच?" म्हटलं, एकच. ते मुलाकडे वळले. "मग तुम्हाला दोन्हीकडून येऊ शकतं. पन्नाशी जवळ आली की रक्त तपासत जा, विसरू नका." माझ्या मुलाला, अप्पा. ते पोर माझ्या कडेवर होतं त्या दिवशी. मग मला विचारलं, "त्यांना कॅन्सर निघाला होता का?" म्हटलं, "ठाऊक नाही. तुकडा काढलाच नाही." "का?" आणि मी म्हटलं, "त्यांनाच नको होतं. अप्पाच नको म्हणाले. जुनी माणसं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मुलाने मान हलवली, "तेव्हाच्या लोकांना काय समजावणार." हे खिडकीबाहेर बघत होते. मग डॉक्टरांनी विचारलं, तीन महिन्यांनी याल ना? मी म्हटलं, "येऊ. आकडा वाढला तर सुई घाला. सहा घाला, आठ घाला, मी आणते त्यांना." माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "अम्मा, तू धीराची आहेस हं," आणि आम्हाला डोसा खायला घेऊन गेला. मी खाल्ला. चांगला कुरकुरीत होता, तेही सांगते. घरी येताना रिक्षात मुलगा पुढे ड्रायव्हरशी रस्त्यावरून वाद घालत होता, तेव्हा हे माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मामा हो म्हणाले होते." मी म्हटलं, "माहीत आहे." बस्स, तेवढंच. घरी आलो तर पोरगी रांगत दारापर्यंत आली होती, तिला उचलायच्या गडबडीत तो विषय राहिला.

आज रविवार आहे. मुलगा बाहेर तिला खांद्यावर घेऊन फिरवतोय, ती त्याचे केस ओढते आहे, मला इथे हसायला येतंय. तीन महिने आहेत. रोज न्हाणीघराचं दार वाजलं की माझे कान तिकडे लागतात, किती वेळ लागतो ते बघत. दुसऱ्या खेपेला काय निघेल मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या खेपेला नीट सापडेल का तेही नाही. ते डॉक्टरांचं काम. माझं काम एवढंच की बाहेर जाऊन मुलाला सांगायचं, तुझ्या आजोबांनी नको म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. दोनदा उठले आणि दोनदा पोरीला गरम पाणी हवं का विचारून परत आले. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्यासारखं असतं तर मी लिहिलंच नसतं, अप्पा. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत, आणि तेहतीस वर्षं मी सगळ्यांना तुमचंच नाव सांगत आले.